हीटरवरचा दगड

गोपीनाथ मुळेला उघडी वायर खपत नसे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्याची वीस वर्षं तारा झाकण्यात गेली होती. भुसावळहून काशीला बदली होऊन वर्ष उलटलं तेव्हा, १९९४च्या जानेवारीत, आठ वर्षांच्या लतिकासाठी त्याने दूधविनायक मोहल्ल्यातल्या भाड्याच्या घरात माशांची काचेची टाकी आणली आणि पहिल्याच दिवशी त्याचं डोकं उठलं. बारा मासे, एकाहून एक देखणे. पण मागे फिल्टरचा काळा डबा, हवेची नळी आणि कोपऱ्यात हीटरची काचेची कांडी, तिच्या टोकाला लाल दिवा.

"दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

"अहो, मासे बघा की. मशीन कशाला बघता?" त्याची बायको कालिंदी म्हणाली.

पुढचा रविवार त्याने त्यातच घालवला. फिल्टरपुढे पाणवनस्पती लावल्या, नळी वाळूखालून नेली. हीटरपुढे चपटे दगड रचले, मात्र कांडीभोवती पाणी खेळेल इतकी फट ठेवली. तरी लाल दिवा दिसायचाच. तेवढा झाकायला मुठीएवढा दगड हवा होता. सोमवारी सकाळी रामघाटावर फिरताना तो मिळाला. पायऱ्यांलगतच्या भिंतीत एका कोनाड्यात होता. काळा, गुळगुळीत, मापाने घडवल्यासारखा. बुडाला बारीक काळे दाणे चिकटले होते. गोपीनाथने ते नदीत धुतले आणि दगड खिशात टाकला. घाटावरचा दगड, त्याला कुठला मालक?

त्या संध्याकाळी टाकीत यंत्राचा मागमूस उरला नाही.

मंगळवारपासून मासे त्या कोपऱ्यात जाईनासे झाले. बाराच्या बारा दुसऱ्या टोकाला दाटीने राहत, तोंडं दगडाकडे करून. पाणी रोज दोन बोटं उतरू लागलं. वर झाकण, बाहेरून काच कोरडी, खाली फरशी कोरडी. गोपीनाथने काचेवर पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या वर होती.

आणि लतिका पाणी पिऊ लागली. कालिंदीने मोजले: दिवसाला एकवीस पेले, तेही टाकीसमोर उभं राहून. डॉक्टरांनी साखर दोनदा तपासली. काही निघालं नाही. पोरगी मात्र वाळत चालली, ओठांना भेगा पडल्या.

"लतू, इतकं कशाला पितेस गं?" गोपीनाथने विचारलं.

"मला नाहीच तहान," टाकीवरची नजर न काढता ती म्हणाली. "पण आजी मागतात, तो देना पडता है."

तिच्या दोन्ही आज्या भुसावळला होत्या, चांगल्या खुटखुटीत.

शनिवारी कालिंदीने काशीनाथ गुरुजींना बोलावलं. रामघाटावर तीन पिढ्या क्रियाकर्म करणारं त्यांचं घर. मुलीची दृष्ट काढा, एवढंच तिने सांगितलं होतं. गुरुजी टाकीसमोर आले आणि मीठमोहरी त्यांच्या मुठीतच राहिली.

"मुळेसाहेब, तो वरचा काळा पत्थर कुठून उचललात?"

"घाटावरून. कोनाड्यात होता."

"जीवखडा आहे तो."

गोपीनाथने शब्द ऐकला होता, वस्तू जवळून पाहिली नव्हती. वडिलांचं सगळं थोरल्या भावाने केलं. हा थेट दहाव्याला पोचला होता. चितेपाशी ज्याने मडकं फोडतात तो दगड. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात राहतो, रोज त्याला तीळपाणी द्यायचं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की तेल लावून तो पाण्यात सोडायचा.

गुरुजी खाली बसले. "अंबिकाबाई. इंदूरच्या. यात्रेला आल्या आणि इथेच गेल्या. सहा दिवस पाणी दिलं. सातव्याला बघतो तर दगड गायब."

"मग?"

"मग काय. पायरीखालचा दुसरा उचलला. मुलाला कळू दिलं नाही. परवा दहावा होता. कावळा शिवेना, तर दर्भाचा कावळा करून शिववला आणि मुलाला गाडीत बसवलं. दगड हरवला म्हटलं असतं तर उद्या मला कोण बोलावणार, साहेब?"

"उरलेले चार दिवस पाणी मी दिलं तर?"

"कुणीही देऊ शकतो. त्यांच्या नावाने."

रविवारपासून गोपीनाथ घाटावर दगडाला तीळपाणी देऊ लागला. लतिका त्या दिवशी सतरा पेले प्यायली, सोमवारी बारा, मंगळवारी सात. बुधवारी पिंड मांडला. ती घरी राहायला तयार होईना. पाण्याची बाटली घेऊन आईला टेकून पायरीवर बसली.

कावळे होते. आठ-दहा कठड्यावर ओळीने बसले होते. अर्धा तास गेला, एकही खाली उतरला नाही.

"चूक माझी झाली, आजी," गोपीनाथ हात जोडून म्हणाला. "नकळत झाली."

कावळे हलले नाहीत. लतिकाने बाटली तोंडाला लावली ती काढलीच नाही. पाणी भराभर कमी होत होतं, पण तिचा गळा हलत नव्हता. कालिंदीला ते दिसलं आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं.

गुरुजींनी दर्भ उचलला. "कावळा करून देतो."

"पुन्हा?" गोपीनाथ म्हणाला. "मुलाचा पत्ता द्या. मी पत्र लिहितो."

"लिहा. दगड तुम्हीच नेलात. माझं नाव मात्र घालू नका."

"आणि दुसरा ठेवला कुणी?"

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि पिंडासमोर वाकले.

"अंबिकाबाई, तुमच्या वेणीमाधवला मी लिहीन. खोटा दगड मी ठेवला, हेही लिहीन. ते येऊन काय बोलायचं ते बोलू देत."

पंखांचा आवाज झाला. एक कावळा उतरला, दोन पावलं चालला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

गोपीनाथने दगडाला तेल लावलं. गुडघाभर पाण्यात जाऊन तो सोडला. मागे वळला तेव्हा लतिकाने बाटली बाजूला ठेवली होती, अर्धी भरलेली. कालिंदी तिला जवळ घ्यायला वाकली, पण ती आपले पाय आखडून घेऊन भिंतीकडे सरकत होती, पायरीवरून कुणाला उतरायला वाट द्यावी तशी.

"जपून, आजी," ती म्हणाली. "खाली काई आहे, पाय घसरेल."