तिसाव्या आणि बत्तिसाव्या अंकांमधली जागा

मंगळवारी, चौदा ऑक्टोबरला, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी रद्दीची गाडी आली. बोयकोंच्या दारापुढचे दोन निळे डबे तिने उचलले, पोटात रिकामे केले आणि ती पुढच्या घराकडे वळली. दोन मिनिटंही लागली नाहीत. ऑरेस्ट बोयको यांनी चाळीस वर्षांत जमवलेली कॉमिक्स त्या डब्यांत होती.

ऑरेस्ट तेव्हा कॅनडातल्या विनिपेग शहराच्या इस्पितळात होते. वय सदुसष्ट, सगळा जन्म शहर बस चालवण्यात गेलेला. तीन आठवड्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मुलगी दारिया त्यांच्या खोलीत चाकाच्या खुर्चीसाठी जागा करत होती. खोली मोकळी करणं गरजेचं होतं, हे खरंच. पण खोकी तळघरातही मावली असती, हेही खरं.

दारिया शाळेत उपमुख्याध्यापिका. घरी पाहुणे आले आणि तातो, म्हणजे तिचे वडील, मांडीवर चित्रांचं पुस्तक घेऊन बसलेले दिसले, की तिचा जीव अर्धा व्हायचा. "शाळेत पोरांच्या हातातून मी हेच काढून घेते," ती म्हणायची. "आणि घरी तुम्ही! वयाची तरी लाज बाळगा, तातो."

"लाज बाळगायला दुसरी कारणं पुष्कळ आहेत," म्हणून ते हसायचे आणि पान उलटायचे. पुढे पुढे पाहुणे आले की ते आपणहून पुस्तक उशीखाली सरकवू लागले. दारियाने ते पाहिलं होतं. तिला बरंच वाटलं होतं.

शुक्रवारी तातो घरी आले. त्यांच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, खांदा दुखला तरी तेच. दारिया वस्तू दाखवून विचारत राहायची. ते मान हलवायचे, चिडायचे, शेवटी भिंतीकडे तोंड करायचे.

पुढच्या बुधवारी फोन आला.

"ऑरेस्ट आहेत का? मी रेनातो, कॉमिक्सच्या दुकानातून. पाच बुधवार झाले, आले नाहीत. त्यांचा खण भरून वाहतोय."

"कसला खण?"

"दर बुधवारी नवे अंक येतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे आम्ही खणात काढून ठेवतो. पंचवीस वर्षांत हा माणूस चुकला नाही."

"ते आजारी आहेत. त्यांचं नाव काढून टाका."

"ते त्यांनी सांगितलं तर काढीन," रेनातो म्हणाला. दुसऱ्या दिवशी साठीचा तो बुटका फिलिपिनो माणूस बर्फ झटकत दारात उभा राहिला.

त्याने अंक मित्राच्या मांडीवर ठेवले. ऑरेस्टनी डाव्या हाताने पानं उलटली आणि एका चौकटीवर बोट टेकवलं. चौकटीत एक बाई वाफाळता वाडगा पुढे करत होती.

"तेच," ते म्हणाले.

"सूप मागतोयस की त्या बाईवर डोळा आहे तुझा?" रेनातोने विचारलं. महिन्याभरात पहिल्यांदा तातो हसले, अर्ध्या तोंडाने.

दारियाने सूप आणलं. वाडगा रिकामा झाल्यावर त्यांनी दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे खिडकीचा पडदा ओढलेला होता. तिने पडदा ओढला. ते झोपले.

"नव्या अंकांवर इतकं जमतंय," रेनातो हळू आवाजात म्हणाला. "जुनी तर त्याला पानन् पान पाठ आहेत. काढा ती खोकी."

दारियाने सुपाचा रिकामा वाडगा उचलला. मग म्हणाली, "रद्दीत दिली."

रेनातोने टोपी काढली, हातात फिरवली. "बाई, माझ्या दुकानात बुधवारी कोण येतं सांगू? एक नळजोडणीवाला, दोन परिचारिका, एक पाद्री. दिवसभर जगाचं ओझं वाहतात आणि अर्धा तास चित्रं वाचतात. तुम्ही रात्री मालिका बघता ना? तुमचा टीव्ही कुणी बाहेर फेकला का?"

"मला वाटलं, पोरकटपणा आहे."

"तुम्ही एकदा तरी उघडून पाहिलं होतं?"

नव्हतं पाहिलं.

रेनातोने दुकानात चिठ्ठी लावली. ऑरेस्टची सर्वांत लाडकी मालिका चाळीस अंकांची होती: एक दीपगृहाचा रखवालदार आणि त्याची मुलगी. परिचारिकांनी आपले अंक दिले, पाद्रींनी बारा आणून दिले. तीन आठवड्यांत एकोणचाळीस जमले.

तातोंनी ते जेवणाच्या टेबलावर क्रमाने मांडायला लावले. तिसावा आणि बत्तिसावा यांच्यामध्ये त्यांनी एका अंकाची जागा रिकामी ठेवली. त्या जागेवर त्यांनी बोट आपटलं. मग दारियाचं मनगट धरलं आणि पुन्हा त्याच जागेवर बोट.

"तेच. तेच."

"काय आहे एकतिसाव्यात?" तिने रेनातोला फोन केला.

"तिसाव्यात बाप-लेकीचं कडाक्याचं भांडण होतं. बत्तिसाव्यात दोघं एका टेबलावर जेवतायत. मध्ये कुणीतरी कुणाची तरी माफी मागतं. कोण, ते नाही आठवत. वीस वर्षं झाली वाचून."

त्या संध्याकाळी दारिया वडिलांच्या पायाशी बसली. "तुमची पुस्तकं मी फेकली, तातो. मला तुमची लाज वाटायची."

त्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. "तेच," म्हणाले, आणि दुसऱ्या हाताला जमेना म्हणून नजरेनेच टेबलावरची ती रिकामी जागा दाखवली.

वाचकहो, आपल्याही घरात कुणीतरी काहीतरी उशीखाली सरकवत असेल. कुणाची कॉमिक्स, कुणाची आगगाडीची खेळणी. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडते ती चार लोकांतली आपली ऐट. एखाद्याचा आनंद आपल्याला पोरकट वाटला, म्हणून तो फेकायचा हक्क आपल्याला मिळत नाही. त्या आनंदात त्या माणसाने काय काय साठवलं आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. ठाऊक होतं तेव्हा गाडी पुढच्या घराकडे वळलेली असते.

रेनातोच्या शोधाशोधीत थंडर बे या दूरच्या शहरातल्या एका कॉमिक्सवेड्याकडे एकतिसावा अंक मिळाला. त्याने तो लगेच पाठवला. शनिवारी, एकोणतीस नोव्हेंबरला, ऑरेस्टना दुसरा झटका आला. सोमवारी पाकीट घरी पोचलं.

दारियाने ते फोडलेलं नाही. "मी वाचून काय उपयोग?" ती रेनातोला म्हणाली. "कुठल्या चौकटीवर बोट ठेवायचंय, ते त्यांनाच माहीत."

बुधवारी, तीन डिसेंबरला दुपारी चार वाजता पाकीट इस्पितळात, खाटेशेजारच्या टेबलावर होतं. ऑरेस्टनी डोळे उघडले नव्हते. त्यांचा डावा हात दारियाने पाकिटापाशी आणून ठेवला होता.