फ्लोम्बिक

आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या हिवाळ्यात आमच्या शनवारा मोहल्ल्यात भाईदासमामांनी नुसता उच्छाद मांडला होता. भाच्यासाठी, विनायकसाठी, ते मुली पाहत फिरत आणि पोहे खाऊन झाले की मुलीला अवघड इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारत. नुसता अर्थ नाही, शब्दाचं मूळ गावसुद्धा. दोन मुली त्यांनी त्यावरूनच नापास केल्या. लग्न भाच्याचं आणि हौस मामांची! मला असली माणसं मुळीच सोसत नाहीत.

आता पाळी विमलची होती. ही माझ्या भावाची मुलगी, मॅट्रिक झालेली, जिभेनं तिखट. तिनं विनायकला जैनाबादला एका लग्नात पाहिलं होतं. "आत्या, करीन तं याच्याशीच," असं तिनं मला बजावलं होतं. त्यामुळे मामा विनायकला घेऊन आले तेव्हा पोह्यांवर मी दुप्पट खोबरं पेरलं.

मामांनी मिशा पुसल्या. "हां बेटी, मॉन्गूस म्हणजे?"

"मुंगूस."

"आणि शब्द आला कुठून?"

"आपल्याच मुंगसावरून. साहेबानं इथून नेला."

मामा खो-खो हसले. "साहेब आपल्याकडून शब्द नेईल? अगं, लॅटिन आहे तो, लॅटिन!" आणि विनायककडे पाहून त्यांनी नाक मुरडलं. झालं, तिसरी मुलगी नापास. मला रडूच यायला लागलं.

चहा आला. रीतीप्रमाणे मामांनी विचारलं, "मुलीला काही विचारायचंय का?" हे विचारायचं असतं आणि मुलीनं खाली बघून नाही म्हणायचं असतं. विमलनं पदर सावरला.

"मामा, फ्लोम्बिक म्हणजे काय हो? लई दिवसापासून अडलंय."

मामांनी डोळे मिटले. "फ्लोम्बिक! ग्रीक आहे. तापात जीभ जड होते ना, तिला म्हणतात. आमचे साहेब हमेशा वापरायचे."

"असं का? मी तं तो आत्ता पोहे आणता आणता बनवला."

विनायकला हसता हसता ठसका लागला. मामांचा चहा बशीतून धोतरावर सांडला.

आमच्यात नकार द्यायचा तर मध्यस्थाकडून कारण कळवावं लागतं. हे कारण मामा कोणत्या तोंडानं कळवणार? दोनेक दिवसांत मध्यस्थ पंडितकाका निरोप घेऊन आले. "होकार आहे. एकच अट, लग्नात तो शब्द कोणी काढायचा नाही."

मी वचन दिलं आणि पाळलंही. पंगतीत मामांना जिलबी वाढताना एवढंच म्हणाले, "पोटभर जेवा हो मामा. मला काही आज आग्रह जमायचा नाही. ताप आलाय, जीभ जड झालीय."