शिंपीकाकांच्या बरगड्या

"त्र्याऐंशी!" निवेदकाने माइकवर आकडा पुकारला आणि सभागृहभर हळहळ पसरली.

व्यासपीठावरच्या बाईंचा हात नुकताच 'प्राणघटा'तून बाहेर काढला होता. प्राणघट म्हणजे स्टीलचं एक मोठं पातेलं, भोवती झालरीचं कापड आणि आत बर्फासारखं गार पाणी. त्या पाण्यात हात बुडवून प्राणगुरूंचं नाव घ्यायचं, मग बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आपल्यात किती प्राण उरलाय ते सगळ्यांसमोर ऐकायचं, असा तो कार्यक्रम.

"त्र्याऐंशी म्हणजे सतरा टक्के प्राण गळून गेला, माउली," प्राणगुरू मृदू आवाजात म्हणाले. "विज्ञान ज्याला ऑक्सिजन म्हणतं, तो धाकटा प्राण. तो बाटलीत मिळतो. थोरला प्राण फक्त इथे मिळतो." आणि त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

मग त्यांनी बाईंचा हात आपल्या शालीखाली दोन्ही तळव्यांत घेतला, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटले आणि शेवटी त्या हातावर एक लांबलचक फुंकर मारली. आकडा एकेक करत वर चढला.

"अठ्ठ्याण्णव!" निवेदक ओरडला. टाळ्यांनी छत दणाणलं.

टाळ्या वाजवणाऱ्यांत तिसऱ्या रांगेत सासूबाई होत्या. त्या मागे टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, त्यामुळे आवाज खणखणीत. दमा जुना, छातीचा पंप कायम पर्समध्ये. पण कालच्या बैठकीत त्यांचाही आकडा अठ्ठ्याण्णववर गेला होता, आणि तेव्हापासून पंप पर्समधून बाहेर आला नव्हता.

त्यांची सून दारापाशी उभी राहून हे सगळं पाहत होती. ती सभागृहामागच्या पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती. सगळं गाव तिला तलावावरच्या ताई म्हणायचं. सभागृहाच्याच वरच्या मजल्यावर तिचा वर्ग चालायचा. प्रथमोपचार करणाऱ्यांसाठी पुढचं शिक्षण होतं ते: थांबलेलं हृदय पुन्हा सुरू कसं करायचं, शॉकचं यंत्र कसं लावायचं, ऑक्सिजन कुणाला द्यायचा, किती द्यायचा. शिकवायला भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई होत्या. वर्ग सुटला की ताई खाली येऊन सासूबाईंना घरी घेऊन जायची.

"आई, पंप घेतलात का आज?" सभागृहाच्या पायऱ्या उतरता उतरता तिने विचारलं.

"अगं, मला आता पंपाची गरज नाही. अठ्ठ्याण्णव आहे माझा."

"मग धाप का लागलीय?"

"धाप नाही ती. थोरला प्राण आत जागा करतोय."

सासूबाईंशी वाद घालणं म्हणजे गुंतलेल्या लाइनवर बोलत राहणं, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग नुकताच संपला होता, डॉक्टरीणबाई निघून गेल्या होत्या, आणि ताई नि बेकरीवाला सामान आवरत होते. बेकरीवाला तिच्याच वर्गातला. रोज कणीक तिंबून त्याचे दंड असे झाले होते की सरावाच्या पुतळ्याला तो हात लावायचा तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "अहो, पुतळा उसना आणलाय." तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला.

शिंपीकाका कोसळले होते. बाजारातले सगळ्यांचे शिंपीकाका, गळ्यात कायम टेप असलेले. प्राणघटात हात घालायला रांगेत उभे होते, तिथेच आडवे झाले. भोवती कोंडाळं जमलं होतं. काकांच्या तोंडातून थांबून थांबून घरघर येत होती.

"श्वास घेतायत! महाराज, बघा, प्राण ओढून घेतायत!" कुणीतरी म्हणालं.

ताईने गर्दीतून वाट काढली, काकांचे खांदे हलवले, मोठ्याने हाका मारल्या. काही नाही. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे, हे नुकतंच शिकलेलं तिच्या डोक्यात लख्ख उभं राहिलं. हृदय थांबलं की माणूस असे आचके देतो आणि बघणाऱ्याला वाटतं, आहे अजून जीव, थांबू या जरा. त्या थांबण्यातच माणूस जातो.

"हिरव्या शर्टवाले दादा, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा! आणि तुम्ही, तलावाच्या भिंतीवर शॉकचं यंत्र टांगलंय, पळा!" असं म्हणत तिने काकांच्या छातीच्या मधोमध तळवा ठेवला, त्यावर दुसरा, आणि दाबायला सुरुवात केली. पुढचा वेळ तिला फक्त दाबणं तेवढं आठवत राहिलं.

ती दमली तशी बेकरीवाल्याने जागा घेतली. एकदा कट्ट असा आवाज आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांबू नका! बरगडी जुळून येते. दाबत राहा!"

यंत्र आलं. तिने पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना मागे सारलं, बटण दाबलं. काकांचं अंग एकदा उसळलं. बेकरीवाला लगेच पुन्हा दाबू लागला. ताईने बेकरीवाल्याने येताना वर्गातून उचलून आणलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर नि श्वास द्यायची रबरी पिशवी जवळ ओढली, आणि तेव्हा तिचं लक्ष व्यासपीठाकडे गेलं. प्राणगुरूंच्या आसनाभोवती मेणबत्त्यांचं कडं जळत होतं, अगदी हाताच्या अंतरावर.

"मेणबत्त्या विझवा!" ती ओरडली. "ऑक्सिजन सोडायचाय, आग लागेल! विझवा आधी!"

शिष्य ढिम्म हलेनात. मेणबत्ती विझवणं म्हणजे अपशकुन की काय अशा चेहऱ्याने एकमेकांकडे बघत राहिले. पण आग हा शब्द प्राणगुरूंना बरोबर लागू पडला. ते आसनावरून उठले, शाल सावरत वाकले आणि एकेका मेणबत्तीवर फुंकर मारत सुटले. फू! फू! फू! शेवटची मेणबत्ती काकांच्या डोक्यापाशी होती. तिच्यावर त्यांनी फुंकर मारली, आणि नेमकं त्याच वेळी शिंपीकाकांनी हात उचलून बेकरीवाल्याचा दंड ढकलला.

मग निवेदकाला माइक सापडला.

"उठला! महाराजांनी फुंकर मारली, मेलेला माणूस उठला!"

झालं. रुग्णवाहिका काकांना घेऊन गेली तरी गर्दी प्राणगुरूंच्या पायांवरून उठेना. ताई जमिनीवर बसून धापा टाकत होती. तिच्या हातावरून दोघे जण पाय देऊन गेले, महाराजांकडे जाताना.

घरी सासूबाई हरखून गेल्या होत्या. "डोळ्यांनी पाहिलं गं मी! फुंकर मारली आणि उठला."

"आई, मी काय करत होते तिथे?"

"तू छाती चोळत होतीस. सेवा तीही चांगलीच." एवढं बोलल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेना.

ताईला रागावायचं होतं, पण त्या खोकल्याने तिचा राग घाबरून गेला. तिने पंप पुढे केला. सासूबाईंनी मान फिरवली. मग ताईने दुसरा रस्ता धरला. घंगाळात पाणी ओतलं, फ्रिजमधला सगळा बर्फ त्यात रिकामा केला आणि वर्गातला ऑक्सिमीटर समोर ठेवला.

"आई, हात घाला यात. महाराजांचं नाव घ्या हवं तर."

सासूबाईंनी हात घातला. बराच वेळ ठेवला. बाहेर काढून यंत्र लावलं. आधी नुसत्या रेघा, मग आकडा: चौऱ्याऐंशी.

"अगं बाई! गळला की!"

"आता दुसऱ्या हाताचं बोट द्या. कोरडं."

सत्त्याण्णव. सासूबाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे, जणू त्यातला एक हात परका आहे.

"एकाच माणसात दोन प्राण कसे असतील, आई? हे यंत्र बोटातल्या रक्तातून उजेड पाठवून आकडा काढतं. हात गार पडला की बोटात रक्त नीट येत नाही, आणि ते भलतंच सांगतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं: आधी रुग्णाची बोटं ऊबदार करा, मग आकड्यावर विश्वास ठेवा. आणि ऐका, आकडा चांगला असला तरी दम्याचा पंप बंद करायचा नसतो. पंपामुळेच तो चांगला राहतो."

सासूबाईंनी गार हात पदरात गुंडाळला. थोड्या वेळाने पुन्हा यंत्र लावलं. कुणी फुंकर मारली नाही. आकडा मुकाट्याने वर गेला.

"तरीच," त्या सावकाश म्हणाल्या, "त्यांचे हात इतके ऊबदार असतात." मग त्यांनी पंप घेतला, दोनदा ओढला, आणि बोलल्या त्या थेट जुन्या ऑपरेटरच्या आवाजात. "सूनबाई, पुढची बैठक कधी आहे?"

पुढची बैठक म्हणजे शिंपीकाकांचा पुनर्जन्म सोहळा. काका रुग्णालयातून घरी आल्यावर प्राणगुरूंच्या मंडळींनी त्यांना हार घालून व्यासपीठावर आणून बसवलं होतं. ताईने डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं होतं; त्या मागच्या रांगेत शांतपणे शेंगदाणे खात बसल्या होत्या.

"या देहातला प्राण निघून गेला होता," प्राणगुरू म्हणाले. "आम्ही त्याला वाटेतून परत बोलावलं. एका फुंकरीत."

सासूबाई उठल्या. माइकची त्यांना गरजच नव्हती. "महाराज, एक इच्छा आहे! आमचे सगळ्यांचे आकडे तुम्ही पाहिलेत. आज आम्हाला तुमचा दाखवा. शंभर असेल ना? डोळ्यांचं पारणं फिटेल!"

"दाखवा, दाखवा!" सभागृहाने उचलून धरलं. भक्तांपुढे देवाचाही इलाज चालत नाही. प्राणगुरू "आम्हाला कशाला" म्हणेपर्यंत सासूबाई व्यासपीठावर पोचल्या होत्या. त्यांनी प्रेमाने त्यांचा हात धरला आणि प्राणघटात कोपरापर्यंत बुडवला.

"महाराज, नामस्मरण चालू द्या," त्या म्हणाल्या आणि हात सोडला नाही.

हात बाहेर आला तो लालबुंद. निवेदकाने सवयीने यंत्र लावलं आणि सवयीनेच आकडा पुकारला. "एक्याऐंशी!" पुकारल्यावर त्याच्या लक्षात आलं.

हळहळ झाली नाही. कुणीतरी खुदकन हसलं. प्राणगुरूंनी घाईघाईने हात शालीखाली नेला, तशी शाल सरकली आणि त्यांच्या मांडीवरून गरम पाण्याची लाल रबरी पिशवी घसरून डबक्कन खाली पडली.

"हा कुठला प्राण? थोरला की धाकटा?" मागून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हसण्याचा असा लोट उठला की निवेदकाने स्वतःहून माइक खाली ठेवला. पण एक काकू रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "यंत्राचं राहू द्या हो. शिंपीकाका तर उठले ना? ते तर आम्ही पाहिलंय!"

ताई पुढे आली. "फुंकर मारली, अगदी खरं. मीच मारायला सांगितली होती. मेणबत्त्यांवर. जवळ ज्योत असताना ऑक्सिजन सोडला असता तर सगळे होरपळलो असतो. महाराजांनी माझं ऐकलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानते."

शिंपीकाकांनी गळ्यातला हार उतरवला आणि छातीवर हात ठेवला. "मी मनात म्हणतच होतो. नुसती फुंकर मारली, तर माझ्या दोन बरगड्या कुणी मोडल्या?"

"मी, काका," बेकरीवाला रांगेतून ओशाळून उभा राहिला. "चुकलं माझं."

"चुकलं कसलं रे! आणखी दोन मोडायच्या होत्यास!" काका हसायला गेले, छातीत कळ आली, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले.

प्राणगुरू त्या गडबडीत मागच्या दाराने निघून गेले होते. पिशवी विसरून.

ताईने सभागृहाकडे पाहिलं. या लोकांवर चिडावं असं तिला आता वाटेना. आपलं माणूस जाऊ नये म्हणून माणूस कुणाचेही पाय धरतो. हाताने काय करायचं ते ठाऊक नसेल, तर तो दुसरं काय करणार?

"एके काळी मलाही हे येत नव्हतं," ती म्हणाली. "शिकले, एवढंच. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर महाराजांची वाट बघू नका. रुग्णवाहिकेला फोन करा आणि मदत येईपर्यंत छाती दाबत राहा. जोरात दाबा, भराभर दाबा. यात सिद्धी नाही, मंत्र नाही, आणि तुमच्यापैकी कुणालाही ते जमेल. कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करण्याआधी विचारा: हे कसं झालं? विचारल्याने खरी गोष्ट खोटी होत नाही. फुंकर मारायचीच असेल तर गरम चहावर मारा."

त्या दिवशी वरच्या मजल्यावरचा पुतळा पहिल्यांदाच रांगेला पुरला नाही. सर्वांत पुढे सासूबाई गुडघे टेकून बसल्या होत्या आणि डॉक्टरीणबाईंना विचारत होत्या, "कोपर सरळ ठेवायचं ना? बरं. मग बाजूला व्हा."