ग्राहकाला फोन द्या

ओमोलोने मरणाच्या चार महिने आधी मोबाइलवरून फ्रिज मागवला होता, वर्षभराच्या वॉरंटीसह. फ्रिजही त्याच्या मागोमाग गेला. आत लेकीचं इन्सुलिन होतं, म्हणून त्याची बायको अपोंडी फोन स्पीकरवर लावून बसली. मी शेजारी, तिला धीर द्यायला बसलो.

विक्रेत्याने वेबसाइटकडे बोट दाखवलं, वेबसाइटच्या फोनवरच्या मुलीने विक्रेत्याकडे.

"विकलंत तुमच्या दुकानातून, मग वॉरंटीला दुसरं घर कशाला?" अपोंडी म्हणाली.

मुलगी नरमली. "ठीक आहे मॅडम. पण खरेदी ओमोलो सरांच्या नावावर आहे. तक्रार त्यांनीच करायला हवी. ते घरी आहेत का?"

"घरीच आहेत. आता कुठे जातायत."

"मग त्यांना फोन द्या."

"अहो, ते वारले."

"आत्ताच म्हणालात, घरी आहेत."

आम्ही लुओ जमातीचे लोक, माणसाला त्याच्या घराच्या अंगणातच पुरतो. मुलीलाही हे ठाऊक असणार. तिच्या फॉर्मात मात्र तसा रकाना नव्हता.

अपोंडी उठली, अंगणात गेली आणि फोन थडग्याच्या सिमेंटवर ठेवला. "बोला," ती म्हणाली.

मुलीने तीनदा "हॅलो सर?" केलं. मग फोन कट झाला आणि मेसेज आला: ग्राहक प्रतिसाद देत नसल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे.

अपोंडीने तो दोनदा वाचला.

"जिवंतपणीही ते फोन उचलायचे नाहीत," ती म्हणाली, आणि इन्सुलिनच्या बाटल्या पिशवीत घट्ट बांधून सासूच्या पाण्याच्या मडक्यात सोडायला आत गेली.