कुणीच न झोपलेली खाट

मी एक जुनी घडीची लोखंडी खाट आहे. जुनी म्हणजे वयाने हं, कामाने नव्हे. बारा वर्षांत माझ्यावर कुणी साधी डुलकीसुद्धा काढली नव्हती.

कारखान्यात माझ्या पट्ट्या ताणून बसवणारा कारागीर म्हणाला होता, ही दोन पिढ्यांना पुरेल. मी हरखून गेले. मग मला एका मास्तरीणबाईंनी आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या कंडक्टरबाईंनी घरी आणलं. मित्रांनो, दोघींचा एकमेकींवर जीव. भाजी कुणी आणायची यावरून रोज भांडणारा अगदी रीतसर संसार होता तो! पण हे बाहेर कुणाला कळू नये, म्हणून तर मी हवी होते.

एरवी मी दारामागे घडी होऊन उभी. पाहुणे येणार म्हटलं की मला बाहेरच्या खोलीत उघडायचं, गादी टाकायची आणि कंडक्टरबाईंनी दोन्ही हातांनी चादर चुरगळायची. झाली त्यांची झोपायची जागा! पाहुणे माझं कौतुक करत, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

सगळ्यात धास्ती मास्तरीणबाईंच्या आईची. ती सकाळच्या बसने येई आणि संध्याकाळी परत जाई. कळलं तर आई आपलं तोंड पाहणार नाही, या भीतीने लेकीला आदल्या दिवसापासून घास उतरत नसे.

आज आई आली आणि माझ्यावर टेकली. तिने उशी उचलून पाहिली, गादीवरून हात फिरवला. तीस वर्षं दवाखान्यात आया होती ती. किती खाटा आवरल्या असतील, देव जाणे.

"चादर चुरगळलीय, पण गादी कुठेच दबलेली नाही," ती म्हणाली. "हिच्यावर कुणी झोपत नाही. कुणापासून लपवताय? माझ्यापासून?"

कंडक्टरबाई सारवासारव करू लागल्या. मास्तरीणबाईंनी त्यांचा हात धरला.

"हो आई, तुझ्यापासूनच. आम्ही दोघी जोडीदार आहोत. तू मला तोडशील म्हणून भीत होते."

आईने उशी जागेवर ठेवली. मग तिने डोळे पुसले.

"हे माझ्या एका दिवसात पचनी पडायचं नाही, पोरी. पण माझी लेक बारा वर्षं मला भीत होती, हे तर मुळीच पडत नाही."

आज जात नाही, म्हणाली. चपला काढल्या आणि माझ्यावर आडवी झाली. दोघी स्वयंपाकघरात जाऊन एकमेकींना धरून रडल्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना कधीतरी तेल द्या, धूळ झटका, एवढं पुरतं. खाट मोडली तर नवी आणता येते. पण तुमच्या घरात कुणी तुम्हालाच भिऊन जगत असेल, तर ती वर्षं परत मिळत नाहीत. त्याला वेळेवर जवळ बसवा.

आणि आता जरा हळू बोला. आईचा डोळा लागलाय.