घोडीची वजावट

ही हकिगत सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची आहे, मित्रांनो. तिच्यातली बरीच माणसे आता राहिली नाहीत, म्हणून ती मीच सांगायला हवी.

मी एक जुनी घोडी आहे. दचकू नका. मला आयाळ नाही, शेपूट नाही, आणि धावणे तर माझ्या नशिबातच नाही. ज्याच्यावर काही टेकवून किंवा उभे करून ठेवतात, त्या लाकडी टेकूलाही घोडीच म्हणतात. मी रक्त तपासण्याच्या खोलीतली घोडी. खाली कठीण लाकडाची बैठक, तिच्यावर दोन पितळी खांब, आणि काचेच्या लांब नळ्या घट्ट धरणाऱ्या स्प्रिंगा. मला घडवणारा कातारी फार चोखंदळ होता. बैठकीखाली त्याने तीन स्क्रू बसवले आणि पुढच्या बाजूला पाण्याची एक छोटी कुपी. कुपीतला बुडबुडा बरोबर मध्ये आला की समजायचे, घोडी ताठ उभी आहे.

ताठ उभे राहणे हेच माझे काम होते. नळीत रक्त भरायचे, ते गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळायचे, आणि नळी तासभर माझ्यापाशी उभी करायची. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी उरते. निरोगी माणसाचे रक्त तासाभरात थोडेसेच उतरते. अंगात कुठे आग पेटली असेल, तर रक्तात एक चिकट द्रव्य वाढते. एरवी जखमेवर खपली धरायला तेच उपयोगी पडते. पण ते फार झाले की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, बशांची चळत लागावी तशा, आणि जड होऊन भराभर खाली जातात. कोणता रोग आहे ते मला कळत नाही. आग आहे, एवढेच मी सांगू शकते.

उमेदीची वर्षे मी एका मोठ्या इस्पितळात काढली. तिथले डॉक्टर नव्या डॉक्टरांना सांगत, "हिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा." मग तिथे नव्या चकचकीत घोड्या आल्या आणि माझी रवानगी गावाबाहेरच्या मनोरुग्णालयात झाली. वाटेत गाडीतून उतरवताना मी पडले. एक स्क्रू हरवला आणि मी कलले.

मित्रांनो, नळी जराशी जरी कलली, तरी रक्त फार झपाट्याने उतरते. त्यामुळे माझे आकडे फुगू लागले. तिथल्या तपासणीच्या खोलीत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना सगळे आबा म्हणत. माणूस मायाळू आणि कामात चोख. त्यांनी आपल्यापुरती एक रीत घातली. माझा आकडा आला की त्याचे निम्मे करून लिहायचे. खोलीतले लोक हसून त्याला 'घोडीची वजावट' म्हणत.

पुढे एकदा यंत्रे दुरुस्त करणारा आला. त्याला माझी दया आली आणि त्याने मला नवा स्क्रू बसवून दिला. बुडबुडा पुन्हा मध्ये आला. आबा म्हणाले, "वा, बरं झालं." आणि दुपारी त्यांनी आकडा निम्माच लिहिला. हाताला सवय लागली होती. माझा पाय दुरुस्त झाला, पण रीत कोणी दुरुस्त केली नाही. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले. आणि खरे सांगायचे तर त्या इस्पितळात माझ्या आकड्याकडे पाहत होते कोण? सगळे म्हणत, इथले दुखणे मनाचे, त्यात रक्ताचे काय काम!

त्या वर्षी एका शिवणारीला तिथे आणले. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते म्हणतात. तिला एक लहान मुलगी होती. त्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. मग सांधे दुखू लागले, पायांवर निळसर जाळी उमटली. आणि मग ती भिंतींना घाबरू लागली. आमच्या खोलीत आली तेव्हा एका बाजूला सासू होती आणि दुसऱ्या बाजूला थोरली बहीण.

"हात पुढे कर बाळ," आबा म्हणाले. "मुंगी चावल्यासारखं होईल, बस."

ती बहिणीच्या कानाशी लागली. पण ती खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेले. "ताई, पायात कुणीतरी दोरा ओवतंय. पोटरीत सुई घालतंय आणि वर ओढतंय."

"ऐकलंत?" सासू म्हणाली. "दिवसभर हेच. काल म्हणे भिंतीतून बायका बोलत होत्या."

"भिंतीचं राहू द्या हो," बहीण म्हणाली. "तिचा पाय बघा ना. केवढा सुजलाय!"

"मशीन मारून सगळ्यांचेच सुजतात. माझे नाही सुजले? मी बोलायला गेले का भिंतीशी?"

"आजी," आबा सुई पुसत म्हणाले, "तुमच्यापुढे बोलायची भिंतीची काय बिशाद!"

बहीण हसली. शिवणारीही किंचित हसली. मी तिला हसताना पाहिले ते तेवढेच, पुढे कित्येक महिने नाही.

मनाच्या डॉक्टरांनी बहिणीला आधीच सांगितले होते. रक्तात काही सापडले, तर हिला मोठ्या इस्पितळात दाखवू. नाही सापडले, तर हिला मागच्या इमारतीत ठेवावे लागेल. मागची इमारत म्हणजे जिथून माणूस सहसा घरी जात नसे. म्हणजे त्या मुलीची आई घरी परतणार की नाही, हे माझ्या एका नळीवर येऊन ठेपले होते.

मी जिवाच्या आकांताने ताठ उभी राहिले. नळीतले रक्त दगडासारखे खाली गेले. तासाने आबांनी चष्मा वर करून पाहिले. "अरे बापरे, आज घोडी उधळली!" चौऱ्याऐंशी आकडा होता. त्यांनी बेचाळीस लिहिला.

डॉक्टर म्हणाले, "अशक्त बाईमाणसाला एवढं असतंच. अंगाचं काही नाही." पायातल्या दोऱ्याची नोंदही त्यांनी केली, पण ती भास म्हणून. मित्रांनो, वेड लागलेल्या माणसाचाही पाय खरोखर दुखू शकतो, हे त्या दिवशी तिथे कोणाच्या मनात आले नाही.

तिला मागच्या इमारतीत नेले.

बहीण दर आठवड्याला भेटीला यायची आणि जाताना आमच्या खिडकीशी थांबायची. "आबा, पुन्हा एकदा बघाल का हो?" आबा तिला पाणी द्यायचे, समजूत घालायचे. "अगं, रक्तात काही नाही तिच्या. तू जीव जाळू नकोस." ते खोटे बोलत नव्हते. त्यांचा आपल्या वजावटीवर पूर्ण विश्वास होता.

मग आबा थोडे दिवस रजेवर गेले. त्यांच्या जागी दुसऱ्या इस्पितळातून एक बाई आल्या. त्यांची सारखी बदली व्हायची, म्हणून सगळे त्यांना बदलीबाई म्हणत, आणि त्याही त्या नावाला ओ देत. बहीण त्यांच्याही खिडकीशी गेली.

"मागच्या वेळी काय निघालं होतं?" बदलीबाईंनी विचारले.

"काही नाही म्हणाले. पण बाई, ती आता बोलतच नाही. नुसती बसून असते. परवा मला म्हणाली, 'दोरा वर आलाय.' एवढंच."

बदलीबाईंनी डॉक्टरांना विचारून रक्त मागवले. नळी माझ्यापाशी उभी केली. आकडा नव्वदच्या वर गेला, आणि त्यांनी तो जसाच्या तसा लिहिला. त्यांना आमची रीत ठाऊकच नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः खाली आले. नेमके आबाही त्याच सकाळी कामावर रुजू झाले होते.

"हे काय? मागे बेचाळीस, आणि आता एकदम एवढं?"

"हात्तिच्या!" आबा म्हणाले. "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं. या घोडीचं निम्मं करायचं असतं."

"का बरं?"

"वाकडी आहे ती."

बदलीबाई वाकल्या. त्यांनी माझ्या कुपीवरची धूळ बोटाने पुसली. "कुठे वाकडी आहे, आबा? बुडबुडा तर मध्ये आहे."

आबाही वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "स्क्रू बसवला होता की. माझ्यासमोरच बसवला होता."

डॉक्टर तडक मागच्या इमारतीकडे गेले. ते परत येऊन सांगत होते, शिवणारी भिंतीला टेकून बसली होती. ओठ एका बाजूला ओघळला होता आणि उजवा हात मांडीवर पडला होता. तिथल्या आया म्हणाल्या, "कालपासून पेला उचलत नाही, साहेब. हट्टाला पेटलीये. आम्ही म्हटलं, भूक लागली की उचलेल."

तो हट्ट नव्हता. रक्ताची एक गुठळी पायात होती आणि दुसरी मेंदूत जाऊन बसली होती.

तिला मोठ्या इस्पितळात हलवले. तिथे रक्ताचे दुखणे जाणणाऱ्या डॉक्टरांनी छडा लावला. आमचे डॉक्टर ते बहिणीला सांगत होते तेव्हा ती दोघे माझ्या टेबलाशीच उभी होती.

"आपल्या शरीरात पहारेकरी असतात," ते म्हणाले. "जंतू आला की ते ओरडतात. आणि गवंडीही असतात. नस फुटली की ते धावत येऊन भगदाड बुजवतात, म्हणजे रक्त गोठवतात. दोघांचं एकमेकांशी सूत असतं. पहारेकरी ओरडला की गवंडी थापी घेऊन धावतो. तुमच्या बहिणीचे पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजले. ते रात्रंदिवस ओरडत राहिले आणि गवंड्यांनी धडधाकट गल्ल्या बुजवायला घेतल्या. पायात, मेंदूत. तिची दोन बाळंही बहुतेक त्यापायीच गेली. मेंदूला ती आग आणि ती कोंडी सोसली नाही, मग भिंती बोलू लागल्या."

"म्हणजे ती वेडी नव्हती?"

"मन आजारी होतं ते खरंच. पण त्याचं मूळ रक्तात होतं. प्रत्येकाचं तसं नसतं हं, बहुतेकांचं नसतंच. म्हणून तर आधी बघावं लागतं."

"आधी बघितलं होतं ना, डॉक्टर?" बहीण म्हणाली.

आबा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

रक्त पातळ करणारी गोळी आणि पहारेकऱ्यांना शांत करणारे औषध सुरू झाले. काही महिन्यांत भिंती गप्प झाल्या. शिवणारीचे मन धुतलेल्या काचेसारखे स्वच्छ झाले. पण उजवा हात परत आला नाही. शुद्धीवर आल्यावर तिला पहिल्यांदा काय कळले असेल, तर आपण आता सुईत दोरा ओवू शकत नाही हे. नवरा दरम्यान मुलीला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला होता. भ्रमिष्ट आईची सावली नको, असे त्याचे म्हणणे. बहीण त्याच्या दारात जाऊन आली, डॉक्टरांचे बोलणे सांगून आली. तो म्हणाला, "आता बरी आहे, उद्याचं काय?"

गोळी सुरू असली की रक्त पुन्हापुन्हा तपासावे लागते. ते ती आमच्याकडेच येऊन तपासून घ्यायची. पहिल्यांदा आली तेव्हा आबांनी सुई बाजूला ठेवली. ते म्हणाले, "बाळ, तुझं रक्त खरं सांगत होतं. मीच निम्मं केलं."

डाव्या हाताने उजवा हात उचलून तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही निम्मं तरी धरलंत, आबा. बाकीच्यांनी तर मला शून्यच धरलं होतं."

पुढे काय झाले ते, कानावर आले तसे, सांगते.

सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने सुनेला निरोप धाडला. शिवणारी गेली, दोन दिवस उशाशी बसली आणि परत आली. कोण काय बोलले ते तिने कोणाला सांगितले नाही. डॉक्टर नव्या आलेल्या प्रत्येक रोग्याचे पाय पाहू लागले, आणि बरोबरीचे डॉक्टर त्यांना 'पायांचा मानसतज्ज्ञ' म्हणून चिडवत. ते निवृत्त झाल्यावर ती पद्धत बंद पडली. बदलीबाईंची पुन्हा बदली झाली, यात नवल ते काय. आबांनी नोकरी संपेपर्यंत प्रत्येक आकडा दोनदा वाचला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला फडक्याने पुसले, पण माझ्याकडे पाहिले नाही. ते गेल्याला आता पुष्कळ वर्षे झाली. बहिणीने पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग काढला. शिवणारी तोंडाने सांगायची, बहीण हाताने करून दाखवायची. तो वर्ग बरा चालला. मग एका सकाळी, मुलींना कॉलर कशी बसवायची ते सांगता सांगता, शिवणारी मध्येच थांबली. तिसऱ्या गुठळीने तिला नेले. तिच्यामागे बहिणीने वर्ग बंद केला.

आता रक्त मोजायला यंत्रे आहेत. मी अडगळीच्या कपाटात आहे आणि माझ्या कुपीतले पाणी आटले आहे. माझे काही म्हणणे नाही, प्रत्येक वस्तूचा दिवस संपतोच.

मनाला खात राहते ती एकच गोष्ट. त्या मुलीला बाप पुन्हा कधी घेऊन आला नाही. आई म्हटले की तिला आठवत असेल ती भिंतीला कान लावून रडणारी बाई. ती आता मोठी झाली असेल. कदाचित तिचीही मुले असतील, आणि कोणी विचारले तर ती आईचा विषय टाळत असेल. मित्रांनो, मला पाय आहेत, पण चालता येत नाही. तुम्हाला येते. ती कुठे भेटली, तर तिला एवढे सांगा की तुझी आई बरी झाली होती. शेवटची कित्येक वर्षे ती पूर्ण शुद्धीत होती, आणि दर खेपेला रक्त देऊन झाले की विचारायची, "माझी पोर आता केवढी झाली असेल हो?"