मी चांदी, मुद्देमाल म्हैस

मी चांदी बोलतेय. चामटोलीच्या पुतळाबाईंची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका आहे, म्हणून चांदी. कोर्टाच्या कागदांत मात्र मला 'मुद्देमाल' म्हणतात. चोरीला गेलेली वस्तू पोलिसांनी जप्त केली की तिला हे नाव पडतं. वस्तू म्हटल्याचा मला राग नाही. पण त्या नावामुळे मी तीन न्यायाधीशांच्या हाताखालून गेले, ते सांगायचंय.

माझा जन्म पुतळाबाईंच्याच गोठ्यातला. आई लवकर गेली, तेव्हा त्यांनी मला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. घरात त्या आणि नात रिद्धी, दोघीच. बदलापूरच्या नव्या बिल्डिंगींत माझं दूध जायचं.

एके दुपारी मी माळावर चरत होते. एका अनोळखी माणसानं माझ्या गळ्यात दोर टाकला, टेम्पोत चढवलं आणि उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या धर्मेशच्या तबेल्यात विकून टाकलं. धर्मेश चोर नव्हता. त्यानं मला रीतसर पावती घेऊन विकत घेतलं होतं. चाऱ्याला त्यानं कधी हात आखडला नाही. पाठीवर पाण्याचा पाइप धरून तो मला हिंदी गाणी ऐकवायचा. तरी संध्याकाळ झाली की मी दाराकडे बघून हंबरायचे.

पुतळाबाई तबेले शोधत शोधत तिथं पोचल्या. मला बघताच त्यांनी गळ्याला मिठी मारली.

"माजी चांदी हाय ही! मी वलखते तिला!"

"ओ मावशी, पैसा देके लिया है. चोरीचा माल नाय माझ्याकडं," धर्मेश म्हणाला.

पोलीस आले. मी ना हिच्याकडे राहिले, ना त्याच्याकडे. कोंडवाड्यात गेले.

पहिलं कोर्ट मॅजिस्ट्रेट मॅडमचं. वयानं तरुण, बोलणं शांत. जनावराची अवस्था बघायला त्या स्वतः आवारात उतरल्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सोडा तिला! ज्याच्याकडं जाईल, त्याची!"

त्या गडबडीत कुणाच्या तरी हातून दोर सुटला. मला दोन दिवसांची भूक होती. मी सरळ फाटकाबाहेरच्या रसवंतीकडे गेले आणि उसाचा चोथा खायला लागले.

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "हिची साक्ष काही धरता येणार नाही," म्हणाल्या. मग त्यांनी रिद्धीच्या मोबाइलमधले माझे जुने फोटो पाहिले, गावकऱ्यांचं ऐकलं आणि मला सुपूर्दनाम्यावर पुतळाबाईंकडे दिलं. म्हणजे सांभाळा, पण विकू नका, आणि कोर्ट बोलवेल तेव्हा हजर करा.

त्या दिवशी धर्मेशचे वकील आजारी होते. त्याचं म्हणणं मांडायचं राहून गेलं. तो वरच्या कोर्टात, सेशन्सला गेला.

तिथले साहेब निवृत्तीला आलेले. त्यांनी मला कधी पाहिलं नाही. पुतळाबाईंच्या वकील प्राचीताई गोठ्यात बसून सगळं सांगायच्या, तेच मी ऐकलेलं. पुतळाबाई तिथं रडवेल्या होऊन म्हणाल्या, "साहेब, फोटू बघा ना एकदा!"

साहेब म्हणाले, "आजी, म्हैस कुणाची, हे आधी खालच्या कोर्टानं ठरवायचं. ते ठरवताना दोन्ही बाजू ऐकल्या का, हे मी बघतोय. या भावाचं ऐकलं गेलं नाही."

त्यांनी आदेश रद्द केला. पुन्हा ऐका, आणि तोवर जिथून जप्त केली त्या तबेल्यात म्हैस ठेवा.

मी तेव्हा गाभण होते. दिवस भरत आले होते. पुतळाबाई प्राचीताईंना म्हणाल्या, "या दिवसांत टेम्पोत घालाल तिला? मरेल ती!"

प्राचीताई रिट अर्ज घेऊन हायकोर्टात धावल्या. तिथल्या न्यायमूर्तींनी ना मला पाहिलं, ना फोटो मागवले. सेशन्सच्या साहेबांनी आपली हद्द सोडली का, एवढंच त्यांनी तपासलं. नाही, सोडली नव्हती. दुसऱ्या बाजूला ऐकायलाच हवं होतं. मग त्यांनी विचारलं, "पण ती व्यायला झालीय, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी आदेश दिला: म्हैस विईपर्यंत जागची हलवू नका. धर्मेशला तिला बघायला येऊ द्या. मग मॅजिस्ट्रेटनी दोघांचं ऐकून ठरवावं.

म्हणून धर्मेश चामटोलीला आला. त्याच सकाळी मला कळा सुटल्या होत्या आणि पारडू अडलं होतं. डॉक्टर अंबरनाथहून निघाले होते, पण वाटेत होते. पुतळाबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

धर्मेशनं शर्ट काढला, कोपरापर्यंत साबण लावला.

"पाय मागं दुमडलाय. मावशी, धरून ठेवा तिला. बोलत रहा तिच्याशी."

दुखलं फार. पण त्याच्या हाताला घाई नव्हती. त्यानं पाय सरळ केला आणि पारडी बाहेर आली. दोघं शेणात बसूनच हसायला लागले. माझ्या गळ्याला बिलगलेल्या पुतळाबाईंकडे धर्मेश बराच वेळ बघत राहिला.

मॅजिस्ट्रेट मॅडमपुढे पुन्हा उभं राहिल्यावर तो म्हणाला, "मॅडम, म्हैस यांचीच आहे. मी फसलो. मला फसवणारा तेवढा पकडा."

तरी मॅडमनी घाई केली नाही. साक्षी घेतल्या, धर्मेशची पावती पाहिली, मगच मला पुतळाबाईंकडे ठेवलं. पोलिसांना त्या विक्रेत्याच्या मागे लावलं. तो आता सापडलाय.

पुतळाबाईंनी डबा पुढे केला. "मॅडम, खरवस हाय. चांदीचा."

"आजी, मला हा घेता येत नाही," मॅडम मायेनं म्हणाल्या. "धर्मेशभाऊंना द्या."

त्यानं तो कोर्टाच्या पायरीवर बसून खाल्ला. हल्ली महिन्याकाठी एकदा तरी येतो, मला खाजवतो, गाणं म्हणतो.

चोरीचा खटला अजून चालू आहे, त्यामुळे कागदावर मी अजून मुद्देमालच आहे. मॅडमची बदली झाली. एकीनं मला पाहिलं, बाकीच्या दोघांनी पाहिलंसुद्धा नाही. तरी तिघांनी माझी काळजी घेतली, आपापल्या जागेवरून. तुमच्यावर कधी कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर वरचे साहेब आपल्याकडे बघतच नाहीत म्हणून रुसू नका. आणि सांगायचं असेल ते वेळेवर सांगा. मला तर बोलताच येत नव्हतं.

पारडीचं नाव पुतळाबाईंनी 'अपील' ठेवलंय. प्राचीताई हसतात, "आजी, ते अपील नव्हतं, रिट होतं!"

"असूंदे. हाक माराला अपीलच बरी," पुतळाबाई म्हणतात.

ती बघा, दावं तोडून आली. आता तिला कुठलंच कोर्ट थांबवू शकायचं नाही. तिला पाजते. येते मी.